चाचणीसाठी एकच प्रकरण

बावीस वर्षं मी परळच्या एका सरकारी कार्यालयात लघुलेखक होते. जुन्या चाळी पाडून नव्या इमारती व्हायच्या, तेव्हा कुठल्या खोलीवर कुणाचं नाव लागणार याचे वाद आमच्याकडे यायचे. सुनावणीच्या खोलीत साहेबांच्या टेबलाला लागून काटकोनात माझं टेबल होतं. लोक बोलायचे, साहेब ऐकायचे, मी लिहायचे. संध्याकाळी ते टाइप करून रोजनामा म्हणून फाइलला लावायचे. रोजनामा म्हणजे त्या दिवशी सुनावणीत काय घडलं त्याची नोंद.

घडलेलं सगळंच त्यात येत होतं असं मी म्हणणार नाही. साहेब एखाद्यावर खेकसले, किंवा एखाद्या बाईला "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड" म्हणाले, की माझी पेन्सिल आपोआप थांबायची. कुणी तसं शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा मी असलं वाक्य लिहिलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारून कागद माझ्याकडे नुसता सरकवला होता. तेवढं पुरलं.

मग वरून परिपत्रक आलं. सगळ्या सुनावण्यांचं ध्वनिमुद्रण व्हावं, नोंदी संगणकावर ठेवाव्यात, आणि त्यासाठी योग्य ती यंत्रणा समिती नेमून निवडावी. समितीत साहेब अध्यक्ष होते. संगणक विभागाचे एक अधिकारी सदस्य होते, ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा लवकर गेले. सदस्य सचिव म्हणून माझं नाव होतं. एखाद्या कार्यालयीन आदेशात माझं नाव असं पदासकट पहिल्यांदाच आलं होतं. मी त्याची झेरॉक्स काढून गिरगावला घरी नेली. नवऱ्याने वाचली, म्हणाला, "पगार वाढणार का?" मी म्हटलं, "नाही, पण मान आहे."

मान होताच, पण माझा स्वार्थही होता. उजवं मनगट दुखायला लागलं होतं. सकाळी पोळी लाटताना हात खांद्यापर्यंत ठणकायचा. लिहायचं काम मशीन करणार असेल, तर मला ते हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

तीन कंपन्या आल्या. साहेब म्हणाले, नुसता डेमो नको, प्रत्येकीने एक खरी सुनावणी करून दाखवावी. गुणांचा तक्ता मी बनवला. आवाजाची स्पष्टता, मराठी मजकुराची अचूकता, नोंद शोधण्याची सोय, असे रकाने पाडले. आणि मग मला एक गोष्ट सुचली, जिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

"साहेब," मी म्हटलं, "तिन्ही मशीन एकाच प्रकरणावर चालवू या. तीच माणसं, तोच वाद. म्हणजे तुलना न्याय्य होईल."

न्याय्य हा शब्द माझाच.

साहेबांनी मान डोलावली. "कुठलं घ्यायचं?"

मी कपाटातून फाइल काढून दिली. त्यातले अर्जदार लालबागच्या एका चाळीतले म्हातारे गृहस्थ होते. मूळचे मालवणकडचे. गिरणीत लूमखात्यात आयुष्य गेलेलं. मागांच्या खडखडाटात तिथल्या कितीतरी माणसांचे कान जायचे, तसे यांचेही गेले होते. स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे ते जे बोलायचे ते ओरडूनच. आमच्या ऑफिसात त्यांना लाउडस्पीकर म्हणत. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही. मीही म्हणत असे.

त्यांची तक्रार साधी होती. बायको आजारी म्हणून ते आठ महिने गावी राहिले. ती गेली. दिवस उरकून परत आले तर खोलीचं कुलूप बदललेलं आणि आत पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं. पुतण्याचं म्हणणं, काका कायमचे गावी गेलेत, खोलीत आम्ही राहतो, तेव्हा नव्या इमारतीतली जागा आमच्या नावे व्हावी. म्हातारे तेव्हापासून त्याच मजल्यावरच्या गॅलरीत, स्वतःच्या दाराबाहेर, चटई टाकून राहत होते. शेजारी जेवायला देत.

"हा चांगला आहे," साहेब फाइल चाळत म्हणाले. "ह्याचा आवाज पकडला तर मशीन कुणाचाही पकडेल."

पहिल्या कंपनीचं मशीन म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवायची चपटी तबकडी होती. म्हातारे आत आले ते हातात एक छोटी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन घेऊन. ती त्यांनी नेहमीसारखी साहेबांपुढे ठेवली आणि खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "लिवन द्या सायेब, मी वाचतंय."

वाचता त्यांना उत्तम यायचं. आदल्या तारखांना साहेब वहीत प्रश्न लिहीत, ते वाचून उत्तर देत. वेळ जास्त जायचा, पण काम व्हायचं. त्या दिवशी साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मी लिहून विचारलं तर मशीनवर काय येणार? नुसती ह्याची ओरड. प्रश्नही आला पाहिजे ना."

मी उठले, वही उचलली आणि त्यांच्या हातात परत दिली. त्यांनी ती पुन्हा टेबलावर ठेवली. मी पुन्हा उचलली आणि या वेळी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांना वाटलं असावं की आता मी लिहून देणार आहे. सुनावणी संपेपर्यंत ते माझ्या हाताकडे बघत होते.

साहेब प्रश्न विचारत गेले. म्हातारे ओठ वाचायचा प्रयत्न करत होते, पण साहेबांना फाइलमध्ये मान घालून बोलायची सवय. काही उत्तरं जुळली, बहुतेक चुकली. "गावी कधी गेलात?" याला त्यांनी गिरणीत कधी लागलो ते सांगितलं. कंपनीचा माणूस हसू दाबत होता. पुतण्या मान खाली घालून शांत बसला होता. तो कुरिअरच्या ऑफिसात कामाला होता, स्वभावाने गरीब दिसायचा. काकांना ऐकू येत नाही हे त्याच्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुनावणी संपल्यावर कंपनीच्या माणसाने उत्साहाने सांगितलं की एकदा चालू केलं की प्रकरण संपेपर्यंत हे मशीन थांबत नाही. मधलं काही काढता येत नाही. आणि त्याच दिवशी दोन्ही पक्षकारांना प्रत आपोआप मिळते.

"मध्ये माझा फोन आला तर?" साहेबांनी विचारलं.

"तोही रेकॉर्ड होईल सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कंपनीचा माणूस गेल्यावर ते मला म्हणाले, "तक्त्यात लवचिकता असा एक रकाना घाला. वीस गुण." मी घातला. पहिल्या कंपनीला त्यात दोन मिळाले.

म्हाताऱ्यांना पुढची तारीख दिली. रोजनाम्यात मी कारण लिहिलं, "अधिक पुराव्यासाठी." पुरावा त्यांच्याकडे पिशवीभर होता. भाडेपावत्या, रेशनकार्ड, गिरणीचं ओळखपत्र. तो कुणी मागितलाच नव्हता. तारीख हवी होती दुसऱ्या मशीनसाठी.

दुसरी सुनावणी झालीच नाही. त्या कंपनीची यंत्रणा इंटरनेटवर चालणारी, आणि आमच्या इमारतीत इंटरनेट त्या दिवशी सकाळपासून बंद. कंपनीचे लोक वायरी घेऊन वरखाली करत राहिले. म्हातारे अकरा वाजता आले होते, लालबागहून चालत. चार वाजेपर्यंत बाकावर बसून होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोरून डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी हात करून थांबवलं.

"बाय, माझा काय?"

मी हाताने खूण केली, थांबा.

त्यांनी वही पुढे केली. एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या एका हातात डबा होता, दुसऱ्यात पाण्याची बाटली, आणि सहकारी पुढे जाऊन थांबल्या होत्या. मी परत तीच खूण केली. चार वाजता शिपायाने त्यांना नव्या तारखेची चिठ्ठी दिली.

तिसरं मशीन मला बघताक्षणी आवडलं. साहेबांच्या हाताशी एक बटण होतं. दाबलं की थांबायचं, पुन्हा दाबलं की चालू. आणि भिंतीवरच्या पडद्यावर बोललेलं वाक्य तिथल्या तिथे मराठीत उमटायचं. साहेब "आज दिनांक" म्हणाले आणि पडद्यावर "आज दिनांक" आलं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बरोबर. मी माझं मनगट दुसऱ्या हातात धरून बसले होते आणि मला खरोखर भरून आलं.

म्हातारे आत आले. या वेळी वही त्यांनी बाहेर काढलीच नाही, खिशात ठेवली होती. दाढी वाढली होती. गॅलरीतले इतके महिने अंगावर दिसत होते.

साहेबांनी फाइलमध्ये बघत विचारलं, "तुम्ही गावीच राहता असं पुतण्या म्हणतो. नव्या इमारतीत तुम्ही स्वतः राहायला येणार आहात का?"

म्हाताऱ्यांनी साहेबांच्या टकलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मोठ्याने म्हणाले, "माका आयकाक येना नाय."

पडद्यावर अक्षरं उमटली. मला यायचे नाही.

साहेबांनी पडद्याकडे बघितलं. "नक्की? येणार नाही?"

"माका आयकाक येना नाय हो सायेब!"

मला यायचे नाही हो साहेब.

"दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर," साहेब म्हणाले आणि बटण दाबलं.

मी गिरगावात वाढले. आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं मालवणी होती. त्या भाषेतल्या शिव्यासुद्धा मला तोंडपाठ आहेत. म्हातारे काय म्हणाले ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. 'मला ऐकू येत नाही.' एवढंच. मशीनने मधला 'आयकाक' गिळला होता, कारण तो त्याला शिकवलेला नव्हता. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी तक्त्यात अचूकतेच्या रकान्यात दहापैकी नऊ लिहिले.

म्हाताऱ्यांना वाटलं आता कागद दाखवायची पाळी. ते पिशवीतून एकेक पावती काढून टेबलावर लावू लागले. शिपायाने त्यांच्या दंडाला धरून उठवलं. पावत्या गोळा करायला पुतण्याने मदत केली.

संध्याकाळी साहेब निकाल सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. "अर्जदाराने स्वतःच नव्या इमारतीत वास्तव्यास येणार नसल्याचे दोन वेळा स्पष्टपणे सांगितले असल्याने..." इथे माझे हात थांबले.

"साहेब, ते 'ऐकू येत नाही' म्हणाले."

"पडद्यावर काय होतं?"

"यायचे नाही असं होतं. पण मालवणीत..."

"बाई, अचूकतेला तुम्ही किती गुण दिलेत?"

साहेबांनी तक्ता काढून माझ्यापुढे धरला.

"नऊ दिलेत ना? सही आहे तुमची. आता तेच मशीन चुकीचं म्हणायचं असेल तर अख्खा तक्ता पुन्हा करावा लागेल. वर कळवावं लागेल की सदस्य सचिवांनी डोळे मिटून गुण दिले. कळवू?"

ते चिडलेले नव्हते. अगदी समजावल्यासारखं बोलत होते. मी म्हटलं, "नको." आणि पुढचं वाक्य टाइप केलं. शेवटी प्रमाणपत्र जोडायचं होतं, की मजकूर ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिला, तो बरोबर आहे. खाली सही माझी.

म्हातारे आठवड्याने तारीख विचारायला आले. निकाल लागल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. ते थेट माझ्या टेबलाशी आले आणि वही उघडून पुढे केली. त्या दिवशी मी लिहिलं. 'निकाल लागला. खोली पुतण्याच्या नावे.' त्यांनी वाचलं, परत वाचलं. कारण विचारलं. मी लिहिलं, 'तुम्ही येणार नाही म्हणालात.'

"मी? मी असा खंय बोललंय?"

मी संगणकाकडे बोट दाखवलं.

"त्येच्यात माझो आवाज आसा? माका आयकव."

ऑफिसातले चारपाच जण एव्हाना भोवती जमले होते. कुणीतरी म्हणालं, "ऐकवा ना मॅडम, मजा येईल." मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि आवाज पूर्ण सोडला. इतका, की बाहेरही त्यांचंच बोलणं पुसट ऐकू येत होतं. आयकाक येना नाय. आयकाक येना नाय हो सायेब. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. ते मात्र डोळे मिटून, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसले होते. शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तसे. मग हेडफोन काढून म्हणाले, "बंद आसा काय ह्यां?"

सगळे हसले. मी पण हसले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. ते हसू जबरदस्तीचं नव्हतं. खरंच हसू आलं होतं.

हसणाऱ्यांची तोंडं त्यांना दिसत होतीच. त्यांनी हेडफोन जपून टेबलावर ठेवला, वही खिशात घातली आणि गेले. जिन्यावरून उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

चाळीतल्या कुणीतरी त्यांना अपील लिहून दिलं. वरच्या कार्यालयाने आमच्याकडे मूळ ध्वनिमुद्रण मागितलं. ती फाइल माझ्या संगणकावर होती. कुणाही मालवणी माणसाने एकदा ऐकली असती तरी प्रकरण तिथेच संपलं असतं. साहेबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं, की सदर ध्वनिमुद्रण चाचणीच्या काळातलं असल्याने जतन केलेलं नाही, सदस्य सचिवांनी प्रमाणित केलेला मजकूर सोबत जोडला आहे. पत्रावर सही झाल्यावर साहेब म्हणाले, "पत्रात लिहिलंय तसं असलं पाहिजे." आणि घरी गेले. त्यांनी मला पुसायला सांगितलं नाही. ते असं कधीच काही सांगत नसत. मी फाइल निवडली. मशीनने विचारलं, खात्री आहे का? मी हो दाबलं.

अपील फेटाळलं गेलं. म्हातारे त्यानंतर गावी बहिणीकडे गेले असं कळलं.

तिसऱ्या कंपनीचं मशीन आता इतरही कार्यालयांत बसलं आहे. साहेबांना बढती मिळाली. मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि नव्या लोकांना ते कसं वापरायचं हे शिकवायचं काम. मनगट बरंच बरं आहे. लिहावं लागत नाही.

चाळ रिकामी करण्याआधी प्रत्येक खोलीची स्थळपाहणी असते. कोण राहतं ते बघायचं, त्याचा जबाब टॅबवर रेकॉर्ड करायचा. लालबागची ती चाळ माझ्या वाट्याला आली. मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवू शकले असते. पण गेले. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित बघायचं होतं की ती गॅलरी किती रुंद आहे. अडीच हातांचीसुद्धा नव्हती. कुणी आलं-गेलं की झोपलेल्या माणसाने उठून बसायलाच हवं.

पुतण्याने दार उघडलं आणि अदबीने आत घेतलं. एका कोपऱ्यात नव्या घरासाठी आणलेला पंखा खोक्यातच होता. मुलं अभ्यास करत होती. मी जबाब घेतला, त्याने सगळं बिनचूक सांगितलं. टॅब बंद करून मी पर्समध्ये ठेवला. त्याच्या बायकोने चहा आणला.

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. गावी असतात." तो कपाची कड पुसत म्हणाला. "फोन नाही करत आम्ही. ऐकू नाही ना येत त्यांना."

तो ते अगदी सहज म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानेही माझ्याकडे बघितलं. दोघांनाही दुसऱ्याला काय ठाऊक आहे ते ठाऊक होतं, आणि दोघांपैकी कुणीच नजर खाली घातली नाही.

चहात गवती चहा घातलेला होता. चांगला झाला होता. मी तसं म्हटलं, तर त्याच्या बायकोने आत जाऊन अजून अर्धा कप आणून ओतला, आणि मी तोही प्यायले.